आतल्या खोलीपर्यंत

४ मार्च

प्रिय मावशी,

पोचले. गाडीने हाडं खिळखिळी केली, पण पोचले.

माझी खोली म्हणजे पत्र्याचा डबा आहे. एक खाट, एक टेबल, एक शेगडी आणि दारामागे चिखलाने जड झालेले बूट. खिडकीतून तो उतार दिसतो, ज्याच्यासाठी मला इथे धाडलंय. त्याच्या पोटातून बोगदा न्यायचाय आणि तोवर डोंगर जागचा हलत नाही ना, यावर डोळा ठेवणं हे माझं काम. उतारात ठिकठिकाणी सळया पुरल्यात. डोंगर केसभर सरकला तरी त्या चुगली करतात.

फोन इथे लागत नाही. ऑफिसच्या छपरावरच्या तबकडीतून इंटरनेट येतं, पण अगदी बारीक धार. आकडे जातात, गप्पांना बंदी. म्हणून आपली पत्रं सामानाच्या गाडीने.

आता तुझ्याकडे एक काम. सळयांच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढायला मी जो प्रोग्रॅम लिहिलाय तो इथल्या लॅपटॉपला झेपत नाही, बिचारा धापा टाकतो. मुख्य ऑफिसच्या मशीनवर जागा मिळत नाही, कारण इथल्या साहेबांचा माझ्या प्रोग्रॅमवर अजून भरवसा नाही. राहिला घरचा आपला कम्प्युटर. पण तो दिवसरात्र चालू ठेवला तर त्याच्या पंख्याच्या घरघरीने तुला झोप लागत नाही, हे मला माहीत आहे. तू म्हणणार नाहीस, तरी माहीत आहे. म्हणून त्याला एरवी झोपू द्यायचं आणि लागेल तेव्हा मी इथून उठवायचं. तसं करता येतं. आतली सेटिंगं मी निघण्याआधीच करून ठेवलीत.

तुला फक्त टेबलाच्या खणातली लांब निळी केबल काढायची आहे. एक टोक बैठकीतल्या राऊटरला, दुसरं आतल्या खोलीत कम्प्युटरच्या पाठीला. वायफाय यासाठी कामाचं नाही, झोपलेल्या कम्प्युटरला तारेतूनच ऐकू येतं. आणि भिंतीवरचं बटण चालूच ठेव. दहा तारखेला दुपारी मी त्याला पहिल्यांदा उठवून बघेन.

तब्येत सांभाळ. डोंगर शांत आहे.

तुझी
टिटवी

१३ मार्च

टिटवे,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या झोपाळू कम्प्युटरलाही.

केबल लावली. समोरच्या नर्सबाई ड्यूटीवर निघाल्या होत्या, त्यांना हाताशी धरलं. त्यांनी टेबलाखाली डोकं घातलं, मी बाहेरून हुकूम सोडले. "टक्‌ आवाज आला का?" "आला." "मग झालं." तुझी ती निळी केबल जेमतेम पुरली. बैठकीतून बोळ ओलांडून सरळ आतल्या खोलीत ताणून नेलीय.

तू म्हणालीस त्या दिवशी दुपारी मी समोर खुर्ची टाकून बसले. हा काही उठेना. चहा झाला, पेपर वाचून झाला, नर्सबाई परत आल्या तरी हा ढिम्म. मग त्यांनीच पाहिलं. भिंतीवरचं बटण बंद! वापर झाला की बटण बंद करायचं, ही सवय हाडात मुरलेली. हात आपोआप जातो बघ. आता बटणावर चिकटपट्टी लावून टाकलीय. तरी परवा हात तिथवर गेलाच, पण चिकटपट्टीने अडवला.

एक सांग, तू त्याला उठवतेस म्हणजे नक्की काय करतेस? मी टेलिफोन ऑफिसात इतकी वर्षं काढली, पहाटेच्या गाडीला जाणाऱ्यांना फोन करकरून उठवलं. काहीजण उठून "कोण बोलतंय?" म्हणून माझ्यावरच खेकसायचे. हा तसलं काही करणार नाही ना?

जेवण वेळेवर करत जा. पत्र्याच्या डब्यात शेगडी पेटवशील तेव्हा खिडकी उघडी ठेव.

मावशी

२१ मार्च

प्रिय मावशी,

उठला! काल दुपारी इथून हाक मारली आणि माझ्या स्क्रीनवर आपल्या घरच्या कम्प्युटरचं तोंड उघडलं. मी एवढ्याने ओरडले की खाली कामगारांच्या चुलीपासून स्वयंपाकीणबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांना वाटलं, साप निघाला.

उठवायचं कसं, तर सोपं आहे. कम्प्युटर बंद असला तरी जिथे केबल लागते तो त्याचा भाग थोडी वीज पिऊन कान उघडा ठेवतो. प्रत्येकाला स्वतःचा एक नंबर असतो. मी इथून आपल्या राऊटरला सांगते, तो घरात तो नंबर सोळा वेळा पुकारतो. ज्याचा नंबर तो उठतो, बाकीचे झोपून राहतात. सोळा वेळा म्हटल्यावर तू काय बोलणार तेही मला ठाऊक आहे. हो, मला शाळेसाठी याहून जास्त हाका लागायच्या.

काम झालं की मीच त्याला झोपवते. तुला काही करायचं नाही. पण केबल बोळातून आडवी असेल तर ती भिंतीकडेने लावून घे बाई. पायात येईल.

इथे बर्फ वितळायला लागलंय. पाणी उतारात मुरतं, त्यामुळे सळया थोड्या कुरकुर करतात. या दिवसांत तसं होतंच. उताराच्या पायथ्याशी कामगारांच्या खोल्या आहेत, तिथली मंडळी फार चांगली आहेत. स्वयंपाकीणबाईंनी मला लोकरी मोजे विणून दिले. एक थोडा मोठा झालाय, पण बुटात गेल्यावर कोण बघतंय!

तुझी
टिटवी

३० मार्च

टिटवे,

पत्र मिळालं. केबल भिंतीकडेने लावून घेतली आहे. तू सांगितलंस आणि लगेच झालं.

इकडे सगळं उत्तम. हल्ली मी बरंच वाचते. बैठकीतल्या दिवाणावर निवांत बसून असते, नर्सबाई येताजाता डोकावतात, काय हवं नको ते आणून देतात. एवढे लाड आयुष्यात कोणी केले नव्हते. अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण कागद उशीवर ठेवून लिहितेय. आळस, दुसरं काय.

तुझा कम्प्युटर आता दिवसातून किती तरी वेळा उठतो. आतल्या खोलीत आवाज झाला की मी इथूनच विचारते, "उठलास का रे?" पहिल्यांदा गंमत वाटली. पण टिटवे, परवापासून तो निजतच नाही म्हटलं तरी चालेल. एवढं काय मोजतेस? डोंगर शांत आहे असं लिहिलं होतंस. मी जन्मभर लोकांचे आवाज ऐकलेत. "सगळं ठीक" म्हणताना कोणाचा आवाज कसा होतो, ते मला कळतं. पत्रात आवाज नसतो, म्हणून विचारते. काही काळजीचं आहे का?

मावशी

७ एप्रिल

प्रिय मावशी,

काळजीचं काही नाही. काम वाढलंय इतकंच. बर्फ भराभर वितळतंय, म्हणून मोजणी जास्त.

गाडी सुटायला आलीय, म्हणून दोन ओळी. तू उशीवर कागद ठेवून कधीपासून लिहायला लागलीस? टेबलाशी ताठ बसल्याशिवाय अक्षर काढायचं नाही, हे मला कोणी शिकवलं होतं?

कम्प्युटरच्या पंख्याचा त्रास होत असेल तर आतल्या खोलीचं दार लावून घे. पण बंद मात्र करू नकोस. हे काही दिवस तो मला हवाय.

टिटवी

१९ एप्रिल

प्रिय मावशी,

आज बसून नीट लिहिते. आता लिहायला हरकत नाही.

डोंगर शांत नव्हता. मार्चच्या अखेरीपासून सळया रोज थोड्या थोड्या सरकत होत्या. पायथ्याच्या खोल्या बरोबर त्या उताराच्या तोंडाशी. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, माणसांना हलवा. ते म्हणाले, "एवढी कुटुंबं कुठे हलवू? दर वर्षी बर्फ वितळलं की सळया हलतात. उतार सुटणार असं तुझा प्रोग्रॅम म्हणतो का?" मी म्हटलं, "अजून म्हणत नाही." "म्हणेल तेव्हा ये." चिडून नाही बोलले ते. काम थांबवायचं तर त्यांनाही वर काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून मी कम्प्युटरला निजू देत नव्हते. आणि तुला लिहीत नव्हते, कारण तू इतक्या लांबून नुसता घोर लावून घेतला असतास.

त्या मंगळवारी सकाळी आकडे एकदम उसळले. मी कम्प्युटरला हाक मारली. उठेना. पुन्हा मारली. राऊटर उत्तर देत होता, कम्प्युटर नाही. मग आपल्याकडच्या वादळाची बातमी कळली आणि लक्षात आलं. वीज मध्ये पार जाऊन परत आली असणार. वीज गेली की तो कानही मिटतो, आणि परत आली तरी कोणीतरी हाताने बटण दाबून एकदा उठवल्याशिवाय हाक ऐकत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

साहेबांचा उपग्रहाचा फोन फक्त मुख्य ऑफिसलाच लागतो, म्हणून त्यावरून मी त्यांना विनवलं, माझ्या घरी फोन लावा, मावशीला बटण दाबायला सांगा. मनात म्हटलं, एक मिनिटाचं काम आहे. मग स्क्रीनकडे बघत बसले. मिनिट गेलं. आणखी गेली. मला वाटलं, तू बाजारात गेली असशील. मला वाटलं, फोन लागला नसेल. साहेब मागे येऊन उभे राहिले होते.

आणि तो उठला.

संध्याकाळ व्हायच्या आत उत्तर आलं. उतार सुटणार होता, आणि लवकर. मी कागद साहेबांपुढे धरला. त्यांनी तो दोनदा वाचला, टोपी घातली आणि स्वतः पायथ्याशी जाऊन एकेक दार ठोठावलं. उजेड होता तोवर सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या. स्वयंपाकीणबाई मोठं पातेलं सोडायला तयार नव्हत्या, म्हणून साहेबांनीच ते डोक्यावर घेतलं.

गुरुवारी दुपारी उतार खाली आला. आम्ही पलीकडच्या टेकाडावरून पाहिलं. आवाज आधी आला, मग जमीन हलली, मग धुरळा. धुरळा बसला तेव्हा पायथ्याच्या खोल्या दिसेनात. मग माणसं एकमेकांना मोजायला लागली. सगळे होते. मावशी, सगळेच्या सगळे होते.

आता माझा प्रश्न. मुख्य ऑफिसातल्या मुलीशी काल बोलले. ती म्हणाली, "तुमच्या मावशी फार गोड आहेत, पण त्यांना बराच वेळ लागला. त्या सारख्या म्हणत होत्या, थांब गं, मी बसून येतेय." बसून येतेय म्हणजे काय? बैठकीतून आतल्या खोलीत कोणी बसून कसं येतं? आणि त्या पत्रातलं अक्षर वाकडं का होतं? खरं लिही. मी सगळं लिहिलंय.

तुझी
टिटवी

२६ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा घाईत ओळी गाळल्या, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा नर्सबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या रडल्या. मी नाही रडले. मला तुझा राग आला होता. महिनाभर डोंगर डोक्यावर घेऊन बसलीस आणि मला "काम वाढलंय इतकंच"? राग अजून आहे. पण आता माझीही पाळी आहे, तेव्हा गप्प बसते.

तू केबल भिंतीकडेने लावायला लिहिलंस ते पत्र गाडीत होतं, तेव्हाच मी तिच्यात अडकून पडले. हातात कपड्यांची बादली होती, खाली बघितलं नाही. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले, पाय अजिबात टेकवायचा नाही. नर्सबाईंनी मग केबल भिंतीकडेने ठोकून दिली आणि मला बैठकीत दिवाणावर बसवलं. तुला कळवायचं नाही, असं मीच त्यांना बजावलं. तू म्हणाली असतीस, माझ्या केबलने मावशीचा पाय मोडला, आणि काढून टाकायला लावली असतीस. तुला ती हवी होती. कशाला, ते माहीत नव्हतं. पण हवी होती, हे कळत होतं.

त्या मंगळवारी पहाटे वादळाने दिवे गेले, सकाळी परत आले. नर्सबाई ड्यूटीवर. तेवढ्यात फोन.

"बाई, तुमच्या भाचीचा निरोप आहे. आतल्या खोलीतला कम्प्युटर चालू करता का?"

"करते."

"जरा लगेच करा हं. इथून सगळे वाट बघतायत."

"लगेचच करते. फक्त मला वेळ लागेल."

काय समजावं, तिला कळेना. मी म्हटलं, "थांब गं, फोन ठेवू नकोस."

वॉकर होता, पण बोळात कपाट आहे ना, तिथून तो जात नाही. तो आडवा घालून बघितला, तिरका घालून बघितला. मग दिला ढकलून आणि बसले जमिनीवर. प्लास्टरचा पाय पुढे, हात मागे, आणि सरकायला लागले. फोन ओच्यात. तुला लहानपणी चालता येत नव्हतं तेव्हा तू अशीच बसून सरकायचीस घरभर, आणि आम्ही हसायचो. बोळ एवढा लांब आहे हे मला माहीत नव्हतं. मध्ये दम लागला तर ती पोरगी विचारते, "बाई, आहात ना?" म्हटलं, "आहे, आहे. कपाटापाशी पोचलेय." उंबरा ओलांडताना मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते तिला नाही सांगितलं.

बरं, कम्प्युटरचं ते बटण टेबलाखाली आहे, म्हणजे जमिनीवर बसलेलीच्या बरोबर तोंडासमोर. दाबलं. घुर्र झालं. पोरीला म्हटलं, "सांग तिला, उठला." ती ऑफिसात कोणाला तरी ओरडून म्हणाली, "उठला!" आणि तिकडे टाळ्या वाजल्या. कशासाठी ते तेव्हा मला कुठे माहीत होतं!

मग परत सरकत जायचं त्राण उरलं नाही. तिथेच टेबलाच्या पायाला टेकून बसले. पंख्याची गरम हवा पायावर येत होती, बरं वाटलं. मान वर केली की स्क्रीन दिसायची, तिच्यावर एक रेघ हळूहळू चढत होती. काही कळत नव्हतं, पण ती चढतेय म्हणजे पलीकडे तू आहेस, एवढं कळत होतं. दिवे पुन्हा गेले तर पुन्हा बटण दाबायला कोणीतरी हवं, म्हणून उठायचं मनात आणलं नाही. नर्सबाई आल्या तर मी तिथेच, टेबलाला डोकं टेकून. त्यांनी किंचाळायला तोंड उघडलं, मी म्हटलं, "हळू! काम चाललंय."

त्या माझ्यावर अजून रागावलेल्या आहेत. तूही रागाव. पण मोजे विणणाऱ्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

मावशी

५ मे

प्रिय मावशी,

रागावलेय. पत्र वाचताना आधी हसू आलं, मग उंबऱ्यापाशी आले आणि मला पुढचं दिसेना. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी त्यांना पत्रच दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "या बाईंना इथे कामावर घेता येईल का बघ."

इथून पुढे एकमेकींपासून लपवायचं नाही. मी म्हणेन "डोंगर हलतोय" आणि तू म्हणशील "पाय मोडला", आणि मग दोघी मिळून काय ते बघू. चालेल?

माझ्या प्रोग्रॅमला मुख्य ऑफिसच्या मोठ्या मशीनवर जागा मिळाली. उन्हाळा संपेपर्यंत तोच सगळ्या उतारांवर नजर ठेवणार आहे. तेव्हा घरच्या कम्प्युटरचं भिंतीवरचं बटण तू आता खुशाल बंद कर. नव्या खोल्या टेकाडाच्या पलीकडे सपाटीवर बांधतायत. स्वयंपाकीणबाईंच्या चुलीला या वेळी खिडकी मिळणार आहे, त्यांनी ती स्वतः उभं राहून मापून घेतली.

मला घरी यायचंय. रजा मागितली, साहेब द्यायलाही तयार आहेत. पण मीच निघू शकत नाही. सगळं बर्फ उतरेपर्यंत सळया सोडून हलायला मन धजत नाही. प्लास्टर कधी काढणार? मी तिथे नाही याची फार चुटपुट लागलीय.

तुझी
टिटवी

२४ मे

टिटवे,

प्लास्टर निघालं. पाय दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो, बारीक आणि पांढराफटक, पण चालतो. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चाला. मी विचारलं, डोंगरावर चालले तर? ते हसले. मी हसत नव्हते.

तुला यायला जमत नाही आणि मला इथे नुसतं बसवत नाही. जन्मभर मी खुर्चीत बसून लोकांना लांब लांब जोडून दिलं, पण त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला काय असतं ते कधी जाऊन बघितलं नाही. नर्सबाईंनी काठी दिली, गरम कपडे बांधून दिले आणि किल्ली ठेवून घेतली. सामानाच्या गाडीवाल्याला विचारलं, "पत्रासोबत माणूस नेतोस का?" तो म्हणाला, "बाई, रस्ता वाईट आहे." म्हटलं, "मी बोळ पार केलाय, तुझ्या रस्त्याचं काय घेऊन बसलास!" त्याला काही कळलं नाही, पण पुढची जागा रिकामी करून दिली.

हे मी शेवटच्या वळणाआधी, गाडी पाणी प्यायला थांबलीय तेव्हा लिहितेय. गाडीवाला नेहमीसारखं पत्र तुझ्या हातात देईल, आणि मी त्याला बजावलंय की एक शब्द बोलायचा नाही.

वाचून झालं असेल तर मान वर कर. मी गाडीतच बसलेय, आणि उतरायला मला हात लागणार आहे.

मावशी